'जिणं आमुचं' मधील 'आम्ही'

मराठी स्त्रियांनीं लिहिलेल्या आत्मचरित्रांचीं नुसतीं नांवें जरी ओळीनें मांडलीं, तरी लक्षपूर्वक पाहणाऱ्या वाचकास त्यांत कांहीं एक गंमत आढळल्यावांचून राहणार नाहीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचें नांव 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. पार्वतीबाई आठवले यांच्या १९२८ च्या पुस्तकाचें नांव 'माझी कहाणी'; आनंदीबाई कर्वे यांच्या १९४४ च्या पुस्तकाचें 'माझें पुराण'. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'मी' आणि 'आम्ही' हीं दोन्हीं सर्वनामें टाळून 'स्मृतिचित्रें' एवढेंच म्हटलें आणि मग आंत मनसोक्त 'मी' म्हणून घेतलें. पुढें १९८६ सालीं फलटणच्या बेबी कांबळे यांचें 'जिणं आमुचं' निघालें आणि रमाबाईंचें तें अनेकवचन पुन्हां मुखपृष्ठावर आलें. या दोन अनेकवचनांत पाऊणशें वर्षांचें अंतर आहे. परंतु खरें अंतर वर्षांचें नव्हे. रमाबाईंच्या 'आमच्या' मध्यें दोनच माणसें आहेत. त्यांतलें एक फार मोठें, आणि दुसरें त्याच्या छायेंत उभें राहण्यांत धन्यता मानणारें. बेबीताईंच्या 'आमुचं' मध्यें अख्खा महारवाडा आहे, आणि त्या गर्दींत लेखिका स्वतः कोठें उभी आहे हें वाचकास शोधावें लागतें.

तो शोध हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्हां टीकाकारांनाही 'आम्ही' म्हणण्याची जुनी खोड आहे हें वाचकांस ठाऊक आहेच. पण आमचें 'आम्ही' म्हणजे एकट्याच माणसानें अंगावर ओढलेली शालजोडी होय. तिच्याखालीं दुसरें कोणी नसतें, आणि ती पांघरण्यास कांहीं किंमतही द्यावी लागत नाहीं. बेबीताईंच्या 'आम्ही' ला किंमत द्यावी लागली. ती किती, आणि ती कोणीं दिली, हा प्रश्न या पुस्तकाच्या परीक्षणांत जितका पुढें यावयास पाहिजे तितका आलेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पुस्तक कसें जन्मास आलें तें पाहूं. बेबीताईंचा जन्म १९२९ चा. बालपण आजोळीं वीरगांवीं गेलें. शाळा फलटणास झाली, लग्न कोंवळ्या वयांत झालें, आणि संसारही फलटणासच झाला. पोटासाठीं पतिपत्नींनीं लहानसें दुकान घातलें. दुकानांत मालाच्या पुड्या बांधण्यासाठीं रद्दी येई, आणि गिऱ्हाईक नसेल त्या वेळीं बेबीताई ती रद्दी वाचीत. त्यांचें विश्वविद्यालय तें. वाचतां वाचतां त्या लिहूं लागल्या. आणि लिहिलेलें घरांतल्या पुरुषमाणसांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून वह्या दडवून ठेवूं लागल्या. हा लपंडाव जवळजवळ वीस वर्षें चालला होता. फलटणास स्थायिक झालेल्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांना या वह्यांचा सुगावा लागला नसता, आणि त्यांनीं बेबीताईंस धीर दिला नसता, तर त्या कागदांची गतही बहुधा पुड्या बांधण्याच्या रद्दीसारखीच झाली असती. पुढें हें लेखन 'स्त्री' मासिकांतून क्रमशः आलें आणि १९८६ त पुस्तकरूपानें निघालें. २००८ सालीं माया पंडित यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि तेव्हांपासून परप्रांतांतील व परदेशांतील विद्यापीठांतून त्याचें अध्ययन सुरू झालें. बेबीताई २०१२ सालीं वारल्या.

दलित आत्मकथनांची जी लाट मराठींत १९७८ सालच्या दया पवारांच्या 'बलुतं' पासून उसळली, तिच्यांत हें पुस्तक सामान्यतः घातलें जातें. तें चूक नाहीं, परंतु पुरेसेंही नाहीं. 'बलुतं' काय किंवा १९८० चें लक्ष्मण माने यांचें 'उपरा' काय, यांचा गाभा 'मी' आहे. शिकलेला, गांवाबाहेर पडलेला, दोन जगांच्या मध्यें लोंबकळणारा, स्वतःचीच लाज वाटणारा आणि त्या लाजेची चीड येणारा असा तो 'मी' आहे. 'जिणं आमुचं' मध्यें असा 'मी' नाहीं. पुस्तक उघडतांच वाचक वीरगांवच्या वाड्यांत शिरतो, आणि कितीतरी पानें उलटलीं तरी लेखिकेचें स्वतःचें चरित्र म्हणून कांहीं सुरूच होत नाहीं. येते ती येसकराची घुंगरांची काठी; येतो तो आषाढ महिना, वर्षभर अर्धपोटीं राहणाऱ्या वस्तीला तेवढाच एक सुखाचा; घरें सारवलीं जातात, बाया न्हातात, अंगांत वारीं येतात, पोतराज येतात, रेड्याच्या बळीची तयारी होते. या वर्णनांत बेबीताईंची लेखणी जशी खेळते तशी ती अन्यत्र क्वचितच खेळते. त्या या देवभोळेपणास हंसतात, त्याच्यावर जळजळीत कोरडेही ओढतात. पण हंसणाऱ्याच्या आवाजांत माया आहे हें लपत नाहीं. बाहेरून आलेल्या समाजसुधारकाला हा सूर कधीं साधला नसता. त्याचा कोरडा नुसता कोरडाच राहिला असता.

मोळीविक्या बायांचें प्रकरण घ्या. रानांतून सरपण तोडून आणावयाचें, डोक्यावरून वाहून ब्राह्मणआळींत न्यावयाचें, आणि अंगणांत टाकल्यावर घरधनीण उंबऱ्याच्या आंतून सांगणार कीं काटक्या नीट पाहून रच. तुझ्या डोक्याचा केंस, तुझ्या लुगड्याचें सूत त्यांना चिकटलेलें असेल तर घर बाटेल. मग ती बाई एकेक काटकी निरखून रचून देई. येथें लेखिका आक्रोश करीत नाहीं. काटकी, केंस आणि सूत एवढ्याच तीन वस्तू ती आपल्यापुढें ठेवते. लांकूड विटाळत नाहीं, तें तोडणाऱ्या हातांचे श्रम विटाळत नाहींत, फक्त केंस विटाळतो, हा त्या शास्त्रांतला विनोद वाचकाच्या आपोआप ध्यानांत येतो. अस्पृश्यतेवर मराठींत झालेल्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षां हें एक दृश्य आम्हांस अधिक वजनदार वाटतें.

बाळंतपणाचें प्रकरण याहून भयंकर आहे. बाळंतिणीच्या पोटांत अन्न नाहीं, अंगावर धड वस्त्र नाहीं, सुईणीला ज्ञान नाहीं. वाड्यांतल्या बाया काय मिळेल तें मागून आणून तिला जगविण्याचा प्रयत्न करतात. हें वाचतांना आम्हांस दरवेळीं मुक्ता साळवे या मुलीची आठवण होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी ही चौदा वर्षांची मांग जातीची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चांत छापून आला. त्यांतही आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतें, ही व्यथा आहे. आणि त्यांतही बोलणारी मुलगी 'आम्ही' म्हणूनच बोलते. १८५५ ते १९८६ म्हणजे एकशें एकतीस वर्षें झालीं. इतक्या वर्षांनंतर दुसऱ्या एका बाईला त्याच दुःखापासून आरंभ करावा लागला, हा मराठी वाङ्मयेतिहासाचा एक तपशील म्हणून कोठें नोंदलेला आम्हीं पाहिला नाहीं. इतिहासकार बहुधा वाङ्मयप्रकारांची नोंद ठेवतात; बाळंतिणीच्या डोक्यावरील छप्पर हा वाङ्मयप्रकार नव्हे.

यावरून कोणी असें समजूं नये कीं पुस्तक सर्वत्र सारख्या तोलाचें आहे. त्याची बांधणी सैल आहे. जेजुरीच्या यात्रेंत बाबासाहेब आंबेडकरांनीं केलेल्या भाषणाची हकीकत येते, मेलेलें ढोर खाऊं नका, मुलांना शाळेंत घाला, हा त्यांचा आदेश वाड्यांत येऊन पोहोंचतो, आणि बायाच प्रथम तो उचलून धरतात. येथपर्यंत कथनाला स्वतःची गति आहे. त्यापुढें मात्र लेखिका वारंवार व्यासपीठावर चढते. शिकून मोठे झालेले, बाबासाहेबांच्या पुण्याईवर नोकऱ्या मिळविलेले आणि वस्ती विसरलेले लोक, हें तिच्या रागाचें लक्ष्य आहे. राग खरा आहे, आणि तो अस्थानीं आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं. परंतु आषाढाचें वर्णन करणारी लेखणी आणि ही लेखणी एक नाहीं. सभेंत जें वाक्य टाळ्या घेतें तें पानावर उतरल्यावर निवतें. आम्ही हें स्पष्ट लिहितों, कारण या पुस्तकाविषयीं लिहितांना पुष्कळ टीकाकार गुणदोषविवेचनाचें आपलें कामच बाजूस ठेवतात आणि केवळ हात जोडून उभे राहतात. वरून आदर दिसतो, पण आंतून ही उपेक्षाच होय. ज्या पुस्तकाचे दोष दाखविण्याचीही आपणांस गरज वाटत नाहीं, तें आपण साहित्य म्हणून वाचलेलेंच नसतें.

या उपेक्षेचें एक सभ्य रूप म्हणजे अशा पुस्तकांस 'दस्तऐवज' म्हणणें. पुणें विद्यापीठांतील कै. शर्मिला रेगे यांनीं २००६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत दलित स्त्रियांच्या अशा लेखनाचा फार मोलाचा विचार केला आहे. हीं रूढ अर्थानें आत्मचरित्रें नसून समूहाच्या वतीनें दिलेल्या साक्षी आहेत, व्यक्तीचा 'मी' येथें समाजाच्या 'आम्ही' पासून वेगळा काढतां येत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन आहे. त्यांच्याआधीं, १९९५ सालीं, गोपाळ गुरु यांनीं दलित स्त्रियांचें बोलणें इतर स्त्रियांच्या बोलण्याहून वेगळें कां, याची चर्चा केली होती. सवर्ण स्त्रियांचें पुढारीपण आणि दलित पुरुषांचें पुढारीपण या दोहोंच्या मध्यें दलित स्त्रीचा आवाज दबून जातो, हा तिचा मथितार्थ होता. हें सर्व आम्हांस मान्य आहे. तथापि साक्ष या शब्दाविषयीं आम्हांस थोडी भीति वाटते. साक्षीदाराला जें विचारलें असेल तेवढेंच त्यानें सांगावें, अशी न्यायालयाची अपेक्षा असते; आणि साक्ष संपली कीं त्याला घरीं धाडून निवाडा दुसराच कोणी देतो. आमच्या परीक्षांतून या पुस्तकावर प्रश्न विचारले जातात ते बहुतेक याच धर्तीचे असतात: महारवाड्यांतील चालीरीती लिहा, स्त्रियांच्या स्थितीचें वर्णन करा. विद्यार्थी माहिती काढून घेतात आणि पुस्तक मिटतात. लेखिकेनें हें असेंच कां सांगितलें, आणि काय सांगितलें नाहीं, हा प्रश्न विचारण्याचें धारिष्ट प्रश्नपत्रिका करीत नाहीं.

तो प्रश्न आमच्या वर्गांत एका मुलीनें विचारला. येथें आकुर्डीस ज्या मुली आमच्या वर्गांत येतात त्यांच्यांत मराठवाड्यांतून, सोलापुराकडून कारखान्यांच्या आशेनें आलेल्या घरांतल्या पुष्कळ असतात. बापानें कोठें कंत्राटावर काम धरलेलें, आई चार घरचीं धुणींभांडीं करणारी किंवा एकाद्या लहान कारखान्यांत सुटे भाग जोडणारी. बजाजचा येथील स्कूटरचा कारखाना २००७ सालीं थांबला, तेव्हां या मुलींपैकीं कित्येक जन्मल्याही नव्हत्या. कायमची नोकरी म्हणजे काय हें त्यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकलेलें असतें. अशा वर्गांत पुस्तक वाचून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "सर, बाईंनीं सगळ्यांच्या घरांतलं लिहिलं. स्वतःच्या घरांतलं कां नाहीं लिहिलं?"

प्रश्न निर्मळ होता, आणि त्याचें उत्तर सोपें नाहीं. माया पंडित यांनीं बेबीताईंची मुलाखत घेतली, ती इंग्रजी भाषांतराबरोबर छापली गेली. तींत बेबीताईंनीं सांगितलें कीं नवरा आपल्यावर संशय घेई व मारहाण करी. १९८६ च्या मराठी पुस्तकांत यांतलें कांहीं नाहीं. नवऱ्याचा उल्लेख आहे, मारहाणीचा नाहीं. वह्या ज्याच्यापासून दडवावयाच्या, त्याच्याविषयीं वहींत कांहीं लिहिलेलें नाहीं. कां लिहिलें नाहीं, याचें त्यांनीं दिलेलें उत्तर थोडक्यांत असें होतें कीं बहुतेक बायकांच्या वांट्याला तेंच येत होतें, मग एकटीचें काय सांगावयाचें? त्यांना समाजाचें दुःख लिहावयाचें होतें.

या मौनाचा अर्थ लावण्यापूर्वीं पुस्तकांतील आणखी एक प्रकरण वाचकांनीं पुनः काढून पाहावें, अशी आमची विनंति आहे. सासुरवासाला कंटाळून माहेरीं पळून जाणारी पोरवयाची सून. तिला धरून परत आणतात. सुताराकडून लांकडाचा जड ओंडका घडवून, त्याला भोंक पाडून, तो तिच्या पायांत अडकवितात. हा खोडा. तो फरफटत तिनें पाणी भरावयाचें, दळण दळावयाचें, आणि पाय सोलून रक्त वाहिलें तरी तो निघावयाचा नाहीं. त्याच ओघांत सुनांचीं नाकें कापल्याच्या हकीकती येतात, आणि अशा कृत्यांना सासवांनीं दिलेली चिथावणीही येते. महारवाड्यांतल्या पुरुषांवर, आणि स्त्रियांवरही, याहून कठोर आरोप मराठींत दुसऱ्या कोणीं केलेला आम्हांस आठवत नाहीं. म्हणजे आपल्या समाजाची अब्रू झांकण्यासाठीं बेबीताई गप्प बसल्या, असें म्हणावयास जागाच नाहीं. त्यांनीं झांकलें असेल तर एकच घर झांकलें.

आतां या प्रकरणांतील सर्वनामें पाहा. दुसऱ्यांनीं आम्हांस गुलाम केलें खरें. पण आम्हीही माणसेंच, सत्ता गाजविण्याची हौस आम्हांसही होती. गांवांत तर कोणी आमच्या हाताखालीं नव्हतें, म्हणून आम्हीं आपले गुलाम आपल्याच घरांत शोधले, आणि ते सुनांच्या रूपानें आम्हांस मिळाले. असा तेथील विवेचनाचा आशय आहे. हा आशय असामान्य आहे. आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलांनीं सामाजिक शास्त्रांचीं जाडीं पुस्तकें वाचून जें कष्टानें समजून घेतलें असतें, तें येथें चार ओळींत, आणि कसलाही परिभाषेचा आधार न घेतां, सांगितलें आहे. परंतु आमचें लक्ष वेधून घेतें तें निराळेंच. खोडा घालणारे कोण? 'ते' नव्हेत, 'पुरुष' नव्हेत, तर 'आम्ही'. आणि खोडा ओढणारी कोण? 'ती'. लेखिका स्वतः एके काळीं सूनच होती. नवऱ्याचा मार खाणारी सून होती. वास्तविक तिची जागा त्या 'ती'शेजारीं. तरीही ती लिहितांना आरोपीच्या पिंजऱ्यांत, 'आम्ही' बरोबर, जाऊन उभी राहते, आणि तेथून कबुली देते.

आमच्या मतें पुस्तकाची सर्व नैतिक शक्ति या एका व्याकरणांत आहे. आपल्याच लोकांचा दोष सांगणाऱ्या लेखकास दोन मार्ग मोकळे असतात: एक तर आपण त्या लोकांतून बाहेर पडलों असें दाखवून वरून बोलणें, किंवा आपण केवळ बळी होतों असें सांगून खालून बोलणें. बेबीताईंनीं दोन्हीं सोडले. वरून बोलल्या असत्या तर त्यांची माया गेली असती. खालून बोलल्या असत्या तर पुस्तक पांढरपेशा वाचकाच्या हातीं पडल्याबरोबर त्यानें समाधानाचा सुस्कारा टाकला असता, कीं पाहा, यांच्या बायकांना आम्ही नव्हे, यांचेच नवरे छळतात. ज्या घरधनिणीनें काटकीवरचा केंस शोधावयास लावला, तिला ही सवलत द्यावयाची बेबीताईंची तयारी नव्हती. 'आम्ही' म्हणून कबुली दिल्यानें ती सवलत मिळत नाहीं. कारण त्या 'आम्ही' ला सत्तेची हौस कोठून लागली, तो धडा कोणाच्या अंगणांत गिरविला गेला, हें आधींच्या पानांतून वाचकानें पाहिलेलें असतें.

यासाठीं त्यांच्या वडिलांची हकीकत आवर्जून पाहावी. ते कंत्राटदार होते. मिळविलेला पैसा गरजूंना वांटून टाकणारे उदार गृहस्थ होते. आणि घरांत बायकोला पिंजऱ्यांतल्या पांखराप्रमाणें कोंडून ठेवणारे होते. वरच्या जातींच्या बायका घराबाहेर पडत नाहींत, तशी आपलीही बायको पडत नाहीं, यांतच त्यांना प्रतिष्ठा वाटे. औदार्य आणि कोंडवाडा हीं एकाच माणसाच्या ठिकाणीं कशीं नांदतात, याचें इतकें शांत चित्र काढणारी लेखिका स्वतःच्या नवऱ्याचें चित्र काढूं शकत नव्हती, असें कोण म्हणेल? बापाविषयीं लिहितां आलें, कारण तेथें ती मुलगी होती. नवऱ्याविषयीं लिहावयाचें तर 'आम्ही' सोडून 'मी' म्हणणें भाग होतें.

येथवर आम्हीं त्या मौनाची बाजू मांडली. परंतु ती मांडून स्वस्थ बसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत दर आषाढी वारींत तुकोबांची पालखी मुक्कामास असते. देहू येथून पालखीच्या एका दिवसाच्या चालीवर आहे. त्या देहूस सतराव्या शतकांत एक स्त्री आली होती. बहिणाबाई, जातीनें ब्राह्मण, लहानपणींच वयानें पुष्कळ मोठ्या अशा बिजवराला दिलेली. ब्राह्मण असून शूद्र तुकोबांस गुरु मानते, म्हणून नवऱ्यानें तिचा छळ केला, तिला मारलें. ही गोष्ट आपणांस कोणा चरित्रकारानें सांगितलेली नाहीं, बहिणाबाईंनीं स्वतःच आपल्या अभंगांतून सांगितली आहे. नवरा हाच देव, हें त्यांनीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं. आणि त्यानें मारलें, हेंही लिहिल्यावांचून त्या राहिल्या नाहींत. सुमारें तीनशें वर्षांपूर्वींची बाई जें लिहूं शकली, तें विसाव्या शतकांतली, बाबासाहेबांच्या चळवळींत वाढलेली बाई कां लिहूं शकली नाहीं?

याचें उत्तर बेबीताईंच्या धैर्याच्या मापांत नाहीं. तें ऐकणाराच्या जातींत आहे. बहिणाबाई देवाशीं बोलत होत्या, आणि देव कांहीं गैरसमज करून घेत नाहीं. शिवाय ब्राह्मणाच्या घरांतली मारहाण वाचून ब्राह्मण जातच मारकुटी असा निष्कर्ष कोणी काढीत नाहीं. वरच्या माणसाचा दोष त्याच्या एकट्याचा धरला जातो. खालच्या मानलेल्या माणसाचा दोष त्याच्या साऱ्या वस्तीच्या नांवें मांडला जातो. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषजातीवर आग पाखडली, ती 'समस्त स्त्रिया' या नांवानें पाखडली, आणि तसें म्हणतांना आपली जात आड येईल ही धास्ती त्यांना बाळगावी लागली नाहीं. दलित स्त्रीला 'मी' म्हणण्यापूर्वीं हिशेब करावा लागतो: माझें दुःख मी सांगितलें तर तें कोणाच्या हातांत शस्त्र म्हणून जाईल? हा हिशेब तिच्याकडून करून घेणारा समाज म्हणजे आपणच, या मासिकाचे वाचक आणि लेखक. तेव्हां 'व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार नाहीं' असा ठपका आपणच या पुस्तकावर ठेवावा, हें कांहीं शोभत नाहीं.

पण हिशेब ज्याच्यामुळें करावा लागला तो कोणीही असो, रक्कम भरली ती बेबीताईंनीं एकटीनें भरली, हें विसरून चालणार नाहीं. अलीकडे 'समूहाचा आवाज' म्हणून या 'आम्ही' चा इतका गौरव होतो कीं त्याखालीं एक बाई वीस वर्षें वह्या दडवीत होती, याची आठवणच बुजून जाते. त्या मुलीचें समाधान आमच्या विवेचनानें झालें असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. ती म्हणाली कीं सगळ्या बायकांना मार बसतो म्हणून एकीनें सांगायचं नाहीं, असं म्हटलं तर कोणीच कधीं सांगणार नाहीं. तिच्या घरची हकीकत आम्हीं विचारली नाहीं, विचारावयाची नसते. मात्र तिचें म्हणणें तर्कदृष्ट्या बिनतोड आहे हें आम्हीं वर्गांत मान्य केलें, आणि येथेंही करतों. समूहाचें दुःख लिहिणें हें एक कर्तव्य असेल. पण ज्या समूहांत प्रत्येक जण आपलें दुःख सर्वांचेंच म्हणून सोडून देतो, त्याच्या नांवावर शेवटीं कोणाचेंच दुःख राहत नाहीं.

ही कोंडी पुढच्या लेखिकांनीं आपापल्या परीनें फोडली. शांताबाई कांबळे यांचें 'माज्या जल्माची चित्तरकथा' हेंही १९८६ चेंच. तेथें नांवांतच 'माज्या' आहे, परंतु आंत नायिका वावरते ती 'नाजा' या बालपणींच्या नांवानें, जणू 'मी' म्हणण्यापूर्वीं स्वतःकडे थोडें दुरून पाहून घ्यावें लागत होतें. १९८९ सालीं ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांच्या हकीकती घरोघर फिरून मिळविल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हें पुस्तक केलें. येथें पुन्हां 'आम्ही' आहे, पण त्या 'आम्ही' मध्यें प्रत्येक बाईचें नांव, गांव आणि कर्तृत्व वेगवेगळें नोंदलेलें आहे. गर्दींतली एकेक बाई हात धरून पुढें आणली आहे. आणि मग २००३ सालीं त्याच ऊर्मिला पवारांचें 'आयदान' निघालें, तें उघड उघड 'मी' चें. आईचें बांबूच्या टोपल्या विणणें आणि आपलें लिहिणें यांची एक वीण त्यांनीं पाहिली. आणि त्या विणींत लग्नाची पहिली रात्र, नवऱ्याचें प्रेम, आणि बायकोनें पुढें शिकावें हें त्याच नवऱ्यास न रुचणें, हें सर्व एकाच शांत स्वरांत गुंफलें. नवरा येथें राक्षस नाहीं. तो एक साधा, बरा, आणि आपला अधिकार सोडावयास तयार नसलेला माणूस आहे. बेबीताईंच्या वडिलांचें चित्र ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल त्यास हा माणूस ओळखीचा वाटेल.

कलाकृति म्हणून 'आयदान' अधिक सुघटित आहे, यांत शंका नाहीं. कोंकणांतील फणसवळ्यापासून मुंबईपर्यंतचा प्रवास, विनोदाची बारीक धार, स्वतःलाही न सोडण्याचा प्रामाणिकपणा, हे त्याचे गुण ठळक आहेत. पण एक पुस्तक दुसऱ्याच्या पुढची पायरी आहे, असें जें सरसकट लिहिलें जातें तें आम्हांस पटत नाहीं. 'आयदान' मध्यें 'मी' आहे, आणि तो फार स्वच्छ आहे. खोड्याच्या प्रकरणांतला तो गुन्ह्यांत सामील होणारा 'आम्ही' मात्र तेथें नाहीं, आणि तो असावयास हवा होता अशी मागणीही कोणी करूं नये. एकीनें घर उघडलें, दुसरीनें वाडा उघडला. वाडा उघडणारीला आपलें घर मिटून ठेवावें लागलें, एवढाच काय तो दोघींच्या काळांतला फरक.

पुढल्या सत्रापासून आम्हीं या पुस्तकाचें अध्यापन थोडें निराळ्या क्रमानें करावयाचें योजिलें आहे. आरंभ आषाढाच्या वर्णनानें करावयाचा, कारण हंसल्यावांचून हें पुस्तक कळत नाहीं. मग खोड्याचें प्रकरण, आणि त्याच्या लगेच शेजारीं त्या मुलाखतींतील नवऱ्याविषयींचा मजकूर मराठींत आणून. मधें भाष्य कांहीं करावयाचें नाहीं. मुलींना आणि मुलांना सांगावयाचें तें एवढेंच, कीं दोन्हींतलीं सर्वनामें खालीं रेघ ओढून दाखवा.